धुण्याच्या खोलीतलं बटण

"मावशी, पिंजऱ्यांची सरमिसळ झाली, एवढं लिहा आणि सही करा. आज ही सगळी पिल्लावळ संपवायचीय."

सरांनी कागद पुढे सरकवला. त्यांच्या प्रयोगशाळेतले उंदीर मी एकोणीस वर्षं सांभाळतेय. मागच्या पायाला पाचाऐवजी सहा बोटं असलेलं हे घराणं माझ्याच हाताखाली वाढलं. सरांनी बोटं घडवणारं जनुक तपासलं, तर ते अक्षर न् अक्षर शुद्ध निघालं. मग चूक कुणाची? अर्थात मावशीची. परक्या जातीचा उंदीर तिनेच घुसवला असणार.

"सरमिसळ झालेली नाही." मी आजी, आई, लेक अशा तिघी उंदरिणी बाहेर काढल्या. प्रत्येक पिल्लाच्या कानाला मी स्वतः खाच पाडते. "बघा, आजीला एक, आईला दोन, लेकीला तीन. माझं अक्षर गिचमिड असेल, खाचा नाहीत."

"मग सहावं बोट काय आभाळातून पडलं? जनुक धडधाकट आहे!"

"त्याला चालू-बंद करणारा भाग बिघडला असेल. गुणसूत्रावर तो खूप लांब असू शकतो, दुसऱ्याच जनुकाच्या पोटात. तुम्ही टाकून दिलेले कागद मी वाचते, सर. शब्दकोश मांडीवर घेऊन."

"लाखो अक्षरं पलीकडे? आता तुम्ही मला शिकवा!"

"शिकवते. आधी कोठीतला दिवा उगाच जळतोय, तो बंद करा."

सरांनी कोठीच्या दाराजवळची सगळी बटणं खटखटवली. दिवा ढिम्म. "दिवाच बिघडलाय."

मी दोन दारं ओलांडून धुण्याच्या खोलीत गेले आणि बटण दाबलं. कोठीत अंधार झाला.

"वायरमनची कृपा," मी म्हटलं. "दिवा कितीही तपासा, दोष इथे सापडणार."

"हा पुरावा नव्हे, मावशी."

"नाहीच. पुरावा काढणं तुमचं काम. तोवर यांना जगवणं माझं." कागदावर मी 'सरमिसळ झालेली नाही' असं ठळक लिहिलं, खाली सही ठोकली आणि पिंजऱ्याच्या खोलीची किल्ली खिशात टाकली. "आता हात लावून दाखवा."

सरांनी कागद बाजूला ठेवला. मग त्यांनी हातमोजे चढवले.

"तो लांबचा भाग तपासायचा तर शेपटीचं टोक लागेल. कुणाचं?"

"आजीपासून सुरू करा. हळू धरा, चावते. ते काही मी शिकवलेलं नाही."