खुराड्यातून परतलेला डबा

मित्रांनो, मी कॉम्प्युटरचा एक जुना डबा आहे. दुकानात मला कॅबिनेट म्हणतात. अर्धा मुळशी तालुका मला सीपीयू म्हणतो, पण ते साफ चूक आहे. सीपीयू म्हणजे माझ्या पोटातला एक चपटा चौकोनी तुकडा. मी म्हणजे ते पोट! बोर्ड, पंखे, तारा, सगळ्यांना वीज वाटणारा पॉवर सप्लाय, हे सगळं सांभाळून उभा असतो तो मी. रिकामा असलो तरी माझं वजन नऊ किलो भरतं. आजकालचे डबे फुंकर मारली तर सरकतात, म्हणून हे आधीच सांगून टाकलं.

कारखान्यात जाड पत्रा कापून, वाकवून मला घडवलं आणि वर काळा रंग दिला. बोर्ड बसवण्यासाठी माझ्या पाठीत नऊ भोकं पाडली. या भोकांच्या जागा ठरलेल्या असतात. डबा कुठल्याही कारखान्यातला असो, मापं तीच. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. पुढे याच भोकांनी माझी अब्रू राखली, ते सांगतोच.

मी पहिल्यांदा कामाला लागलो तो पौडमध्ये, एसटी स्टँडसमोर, विलासशेठच्या इंटरनेटच्या दुकानात. काय दिवस होते ते! तहसील कचेरीत आलेली माणसं अर्ज भरायला माझ्यासमोर रांग लावायची. बारावीच्या निकालाच्या दिवशी तर पोरांनी दुकानाचं दार अक्षरशः वाकवलं होतं. विलासशेठ रोज सकाळी मला कोरड्या फडक्याने पुसायचे, उदबत्ती ओवाळायचे आणि मगच बटण दाबायचे. ‘आपला गडी आजारी पडत नाही,’ असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे आणि मी आतून फुलून जायचो.

पुढे प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला. दुकानात कव्हरं आणि चार्जर लटकू लागले, आणि माझ्या पोटातलं सगळं काढून मला भंगारवाल्याकडे दिलं. तिथे टायरांच्या ढिगावर मी दोन पावसाळे काढले. माझ्या अंगावर बसून माणसं चहा प्यायची, पण मला कोणी पुसलं नाही.

एका रविवारी तिथे एक बाई आली. तिचं नाव सुलक्षणा. ती मूळची परभणीची. हिंजवडीच्या कंपनीत नोकरी आणि मुळशीतल्याच रिहे गावात गेणबांच्या घरी दोन खोल्यांत भाड्याने मुक्काम. सुट्टीच्या दिवशी लोक फिरायला जातात, ही जुने डबे बघायला जाते. कॉम्प्युटर जुळवायचा तिला भारी नाद. तिची पारख सांगतो. आधी पत्र्यावर टिचकी मारून आवाज ऐकते. मग आतल्या कडेवरून बोट फिरवते आणि कड बोट कापणारी असेल तर डबा तिथेच ठेवते. शेवटी दोन्ही हातांनी उचलून बघते. तिने मला उचललं आणि म्हणाली, “अबब! तू काय गोटे खाल्लेस का?” इतकं कौतुक मला बऱ्याच वर्षांनी मिळालं होतं.

ऑनलाइन खरेदीत मात्र ती नेहमी फसायची. एकदा डबा आला तो पाय मोडून. एकदा फोटोत कपाटाएवढा दिसणारा डबा हातात आला तेव्हा त्यात धड मांजरही मावलं नसतं. पावसात कुरिअरवाला रिह्यापर्यंत यायचा नाही, पौडातूनच फोन करायचा. मग ही स्कूटरवर खोकं बांधायची, आपला रेनकोट काढून त्याला घालायची आणि स्वतः नखशिखांत भिजून घरी पोचायची. घरमालकीण सगुणाबाई कपाळावर हात मारून म्हणायच्या, “म्याडम, त्या डब्याला सर्दी व्हनार न्हाई, तुमास्नी व्हईल!”

मला तिने घासलं, धुतलं, उन्हात वाळवलं आणि माझ्या डोक्याशी नवा पॉवर सप्लाय बसवला. उत्साहाच्या भरात तिने त्याचा एक स्क्रू इतका आवळला की त्याचं डोकंच घासलं गेलं. आता तो स्क्रू निघणार नव्हता. ती हळहळली. मला काही दुखलं नाही. मी पुन्हा चालू लागलो होतो, माझी दिवाळीच होती ती.

चार वर्षं मी तिची चाकरी केली. मग काचेचा डबा आला. समोर काच, बाजूला काच आणि आत रंगीबेरंगी दिवे, जणू लग्नाचा मांडवच. माझ्यातलं एकेक सामान निघून त्याच्यात गेलं. त्याला स्वतःचा नवा सप्लाय होता, तोही तळाशी बसवलेला, कारण नव्या डब्यांत तशीच पद्धत आहे. माझा सप्लाय त्या घासलेल्या स्क्रूमुळे माझ्यातच राहिला. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? त्यातच सगुणाबाईंनी मला हेरलं. “म्याडम, ह्यो डबा मला द्या की. खुडूक कोंबडी बसवाय लई झ्याक हाय.”

झालं! पडवीत आडवं करून माझ्या पोटात पेंढा भरला आणि अंड्यांवर एक तांबडी कोंबडी येऊन बसली. एके काळी तहसीलदारांचा अर्ज भरलेला मी, आता कोंबडीचं बाळंतपण करत होतो. मात्र एक कबूल करतो, तिची ऊब मला आवडायची.

त्याच घरात सृष्टी होती, गेणबा-सगुणाबाईंचं शेंडेफळ. सुलक्षणाच्या मागे मागे राहून ती स्क्रू फिरवायला शिकली, तारा ओळखायला शिकली आणि तिला इलेक्ट्रॉनिक्स शिकायचं वेड लागलं. पुण्याच्या एका संस्थेची शिष्यवृत्ती होती. शिक्षण आणि हॉस्टेल दोन्ही फुकट. परीक्षा घरूनच, कॉम्प्युटरसमोर बसून द्यायची होती. मोबाइलवर ती चालणार नव्हती. सुलक्षणाच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर बाहेरचं काहीच उघडायची परवानगी नव्हती, त्यामुळे सगळी भिस्त काचेच्या डब्यावर. गेणबांनी लेकीला स्पष्ट सांगितलं होतं, “लागला नंबर तर धाडतो पुण्याला. न्हाई लागला, तर हितंच राहून भाड्याच्या खोल्यांचं बघायचं. मग माझ्यामागं लागायचं न्हाई.” परीक्षा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला होती.

दसऱ्याला सुलक्षणा पुण्यात मैत्रिणीच्या वास्तुशांतीला गेली होती आणि सृष्टी आपट्याची पानं आणायला. इकडे गेणबांनी विळे, कोयते, पाण्याची मोटर, सगळं पूजेला मांडलं. सगुणाबाई म्हणाल्या, “पोरीचं नशीब ज्याच्यात हाय, त्ये यंत्र नको का पुजायला?” दोघांनी मिळून काचेचा डबा उचलून आणला आणि पाटावर ठेवला. हळद, कुंकू, झेंडूचा हार. इथवर सगळं ठीक होतं. मग गेणबांनी नारळ घेतला. नव्या वस्तूपुढे नारळ फोडायचाच, ही त्यांची रीत. ट्रॅक्टर आला तेव्हा फोडला होता, मोटर बसली तेव्हाही फोडला होता. पाटाशेजारच्या दगडावर त्यांनी तो जोरात आपटला. करवंटीचा टवका उडाला तो थेट काचेच्या कोपऱ्यावर. खळ्ळकन आवाज झाला आणि अख्खी काच साखरेसारखी जमिनीवर सांडली. नारळाचं पाणी पाटावरून वाहत खालच्या जाळीतून थेट सप्लायमध्ये शिरलं. मी पडवीतून सगळं बघत होतो. ओरडायला तोंड असतं तर ओरडलो असतो!

“काच काय, नवी बसवू,” असं म्हणत गेणबांनी वरवर पुसून घेतलं आणि चालतोय का बघायला वायर लावून बटण दाबलं. फट्ट! जळका वास घरभर पसरला.

सृष्टी पानं घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. ती रडली नाही, ते जास्त वाईट होतं. सगुणाबाई भिंतीला टेकून म्हणाल्या, “माज्याच हातानं पोरीचं वाटुळं केलं गं.” गेणबा खाली बसून काचेचा एकेक तुकडा वेचत राहिले.

दिवेलागणीला सुलक्षणा आली. तिने कोणावर आवाज चढवला नाही. डबा उघडला, वास घेतला, बोर्डावरून बोट फिरवलं. “बोर्ड कोरडा आहे. फक्त सप्लाय गेलाय.” आता रिह्याहून पुण्याचं दुकान गाठेपर्यंत शटर पडलं असतं. सगळे हताश बसले होते. तेवढ्यात सृष्टीने मान वळवली आणि पडवीत बघितलं.

“ताई, जुन्या डब्यात सप्लाय हाय की! तुमचा स्क्रू निघत न्हवता त्यो!”

सुलक्षणा उठून उभीच राहिली. सप्लाय माझ्यातून निघणार नव्हता, आणि निघाला असता तरी त्याच्या तारा आखूड, नव्या डब्याच्या तळापासून वर पोचल्या नसत्या. म्हणजे बोर्डच माझ्यात यायला हवा होता. पण माझ्यात कोंबडी होती, अंडी दोन दिवसांत फुटायची होती, आणि खुडूक कोंबडीला जागेवरून हलवू नये हा सगुणाबाईंचा कडक नियम. त्यासाठी त्यांनी एकदा सख्ख्या भावाला पडवीत झोपू दिलं नव्हतं. सगळे त्यांच्याकडे बघू लागले. त्या उठल्या, पाटीत पेंढा घातला आणि कोंबडीला अंड्यांसकट अलगद उचलून घेतलं. “बाई, माफ कर,” त्या कोंबडीला म्हणाल्या. “तुजी पोरं हायेत, तशी माजीबी एक हाय.”

मग माझी आंघोळ झाली, फडक्याने आणि ब्रशने. सायकलच्या पंपाने सप्लायमधली धूळ उडवली तेव्हा तीन पिसंही बाहेर आली. सप्लाय अजून चालतो का हे बघायला सुलक्षणाने बोर्ड जोडण्याआधी त्याची हिरवी आणि काळी तार तारेच्या तुकड्याने जोडली आणि बटण दाबलं. पंखा थरथरला, थांबला. गेणबांनी डोळे मिटून घेतले. मग तो फिरायला लागला, गरागरा!

सृष्टीने बोर्ड माझ्या पाठीवर ठेवला. नऊ भोकांवर नऊ भोकं बरोबर बसली. मधे इतकी वर्षं गेली, भंगार झालं, कोंबडी झाली, तरी माप जागचं हललं नव्हतं. सृष्टीच्या हाताने एकेक स्क्रू फिरत होता आणि मी मनात म्हणत होतो, पोरी, आता तू घाबरू नकोस. जेवणाच्या आत पडदा उजळला. सगुणाबाईंनी पदराने आधी डोळे पुसले आणि मग मला पुसलं.

दुसऱ्या दिवशी सृष्टी दोन तास माझ्यासमोर बसून लिहीत होती. सगुणाबाई कोंबडीची पाटी मांडीवर घेऊन बाहेरच्या पायरीवर बसल्या, आणि कोणी मोठ्याने बोललं की बोट ओठावर ठेवायच्या. मी एकदाही अडखळलो नाही. महिन्याभराने निकाल लागला. सृष्टीचा नंबर लागला होता. पिल्लं तर त्याआधीच अंगणभर पळत होती.

काचेच्या डब्याला नवी काच आणि नवा सप्लाय मिळाला, तो सुलक्षणाकडे मजेत आहे. मला सुलक्षणाने दुसरा बोर्ड बसवून सृष्टीबरोबर हॉस्टेलवर पाठवलं. यंदाच्या दसऱ्याला सृष्टी मला घेऊन घरी आली होती. सगुणाबाईंनी माझ्या कपाळाला हळदकुंकू लावलं. गेणबांनी नारळ हातात घेतला, माझ्याकडे बघितलं आणि मुकाट्याने अंगण ओलांडून पार बांधावर जाऊन फोडला.

मित्रांनो, वस्तूची पूजा जरूर करा, पण आधी तिला कशाने इजा होते ते विचारून घ्या. आणि जुनं काही टाकायला निघालात तर जरा थांबा. परवा हॉस्टेलवर एका मुलीने मला बघून नाक मुरडलं. “शी, हा कुठला जुनाट डबा गं?” सृष्टी हसली आणि एवढंच म्हणाली, “उचलून बघ.”