लाकडी जेसीबीत खरं तेल

शाळेच्या लाकडी जेसीबीने उद्घाटनाच्या दिवशी विस्तार अधिकारी साहेबांच्या नाकात काळं तेल मारलं. पण ते झालंच नाही. शाळा व्यवस्थापन समितीने तसा एकमताने ठराव केलाय, त्यामुळे आपणही झालं नाही असंच धरून चालू.

खर्ड्याकडच्या एका वस्तीशाळेत रुपाली मॅडम चौथीला शिकवायच्या. पुण्याच्या कुठल्याशा संस्थेनं शाळेला एक खोकं पाठवलं. आत प्लायवूडचे कापलेले तुकडे, स्क्रू, बिनसुईच्या सिरिंजा आणि सलाइनसारखी नळी. मुलांनी स्वतः जोडायचं, नळीत पाणी भरायचं. इकडच्या सिरिंजचा दट्ट्या दाबला की तिकडचा सरकतो आणि जेसीबी हात उचलतो.

चौथीनं तो जोडला. दोनदा उलटा जोडला, मग सुलटा. वर्गातल्या निकितानं एक बारीक आणि एक जाड सिरिंज जोडून बघितली आणि ओरडली, "मॅडम, बारीक लई पळतंय, जाड जरासंच सरकतंय, पन जोर जाडाला हाय!" मॅडमनी हे बीएस्सीला पाठ करून परीक्षेत लिहिलं होतं. कळलं ते आत्ता.

दिवाळी झाली की निकिता आईबापाबरोबर ऊसतोडीला जाणार होती. तिचं एवढंच होतं, की ट्रॅक्टरमध्ये बसायच्या आधी आईला आपला जेसीबी चालवून दाखवायचा. मॅडमनी "दाखवू की" म्हणून शब्द दिला होता. चूक तिथंच झाली, कारण शाळेत नवी वस्तू आली की आधी तिचं उद्घाटन होतं, आणि उद्घाटनाचा मुलांशी संबंध नसतो.

समितीचे अध्यक्ष बन्सीअण्णा. त्यांचे दोन जेसीबी, खरे. ते उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी येऊन बघून गेले आणि दुखावले. "पान्यावर जेसीबी? साहेब काय म्हनतील, बन्सीच्या गावात पान्याचं मशीन?" मग त्यांनी जेसीबी ठेवलेल्या वर्गातल्या कपाटाची किल्ली घेतली आणि स्वतःच्या जेसीबीतून काढलेलं जुनं तेल सिरिंजांमध्ये मायेनं भरलं.

सकाळी वर्ग उघडला तर गॅरेजचा वास. मॅडमनी खिडक्या उघडल्या. निकितानं दट्ट्या दाबून बघितला. हलेना.

"मॅडम, रबर फुगलंय."

"अण्णा, हे रबर तेलाला टिकत नाही. थोडा वेळ द्या, धुऊन पाणी भरते."

"मॅडम, हळदीकुंकू लागलंय. आता उघडायचं म्हंजे अपशकुन."

नवी गाडी लिंबावरून गेली पाहिजे. जेसीबी कोंबडीएवढा, लिंबू त्याच्या केबिनपर्यंत. चाकाखाली लिंबू सारल्यावर मशीन जमिनीपासून सुटलं आणि तिरकं होऊन छताकडे बघायला लागलं. अण्णांनी वरून दाबलं. प्लायवूड करकरलं, लिंबू मात्र शाबूत. शेवटी अण्णांनी ते हातानंच पिळलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमना तेलापेक्षा त्या टाळ्यांची किळस आली.

साहेब आले. "मुलांना मागं घ्या," ते म्हणाले, "कपडे खराब करतील."

मुलं मागं गेली.

"कुणी बनवलं हे?"

"आपल्याच मार्गदर्शनाखाली, साहेब," अण्णा म्हणाले. साहेबांनी मान डोलावली. आपण मार्गदर्शन कधी केलं, असा प्रश्न त्यांना पडला नाही. त्यांना तो कधीच पडत नसे.

साहेबांनी अंगठ्यानं दट्ट्या दाबला. ढिम्म. तळहातानं दाबला. ढिम्म.

"साहेब, दाबू नका, नळी सुटंल!" मागून निकिता ओरडली.

"ए, गप! साहेबांना शिकवती व्हय?" अण्णा खेकसले.

साहेबांना जोर चढला. त्यांनी दोन्ही हात लावले, टाचा उचलल्या आणि श्रेणी एकच्या पगाराची वाट पाहणारं सगळं वजन त्या सिरिंजवर टाकलं.

त्यापुढे काहीही झालं नाही.

काहीही न झाल्यावर साहेबांनी नाक शिंकरलं, ते काळं निघालं. न उडालेलं तेल मिशीवरून हारात झिरपत होतं. अण्णांनी घाईघाईनं आपल्याच उपरण्यानं त्यांचं तोंड पुसलं, तसं ते कानापर्यंत पसरलं. मग त्याच हातांनी पेढे वाटले. प्रत्येक पेढ्यावर अंगठ्याचा काळा ठसा. सगळ्यांनी खाल्ले. साहेबांनी दोन खाल्ले. मॅडम खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या, कारण उलटी झाली असती तर तीही झालीच नसती.

फोटो साहेबांना अण्णांचा शर्ट घालून काढला. कार्यक्रम उत्साहात पार पडला. जाताना साहेब म्हणाले, "वस्तू धोक्याची आहे. मुलांच्या हातात देऊ नका." मॅडमनी तेल धुऊन नव्या सिरिंजा लावल्या, तरी जेसीबी काचेच्या कपाटात गेला. वर कुलूप.

दिवाळीनंतर ट्रॅक्टर निघायच्या आदल्या दुपारी साळूबाई, म्हणजे निकिताची आई, शाळेत आली. मायलेकी काचेपुढे उभ्या राहिल्या.

"ह्ये तू केलं?"

"व्हय."

"चालतं का?"

"चालतं. पान्यावर."

मॅडम तडक अण्णांकडे गेल्या. "किल्ली द्या. दोन मिनिटं."

"साहेबांची लेखी परवानगी आना. लगीच देतो."

म्हणून मॅडमनी तिथल्या तिथे, अण्णांच्या ओट्यावर बसून लिहिलं:

"मा. विस्तार अधिकारी साहेब यांस, विनंती अर्ज. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, शाळेतील लाकडी जेसीबी हाताळण्याचा अनुभव सध्या फक्त आपणांस आहे. तरी इयत्ता चौथीतील कु. निकिता हिस उद्या सकाळी ट्रॅक्टर निघेपर्यंत वय वर्षे पन्नास, पद विस्तार अधिकारी, असे समजण्यात यावे व तिने स्वतः बनवलेल्या यंत्राचे तिच्या आईसमोर उद्घाटन करण्यास मंजुरी मिळावी. हार, पेढे व तेल यांची आवश्यकता नाही. पाणी शाळेत उपलब्ध आहे. कळावे, ही विनंती."