नानांनी नाही म्हटलं होतं

मी एक जुनी काठी आहे. मला टेकून आजवर कोणी चाललेलं नाही की कोणा ढोरावर मला कोणी उगारलेलं नाही. माझं काम वेगळं होतं आणि ते मी चोख केलं. सध्या मी घाना देशातल्या एका विद्यापीठात काचेच्या कपाटात उभी आहे. तिथे संवादशास्त्र नावाचा विषय शिकवतात. कपाटावर चिठ्ठी डकवली आहे: 'ओच्यामेची काठी. राजाचे बोलणे गोड करून सांगण्याच्या कलेचे प्रतीक.' मित्रांनो, ही चिठ्ठी मला साफ नामंजूर आहे. गोड करून सांगितल्याने काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. चिठ्ठी लिहिणारा त्या दिवशी तिथे नव्हता, मी होते.

अडांकोक्रोम गावात अग्येई नावाच्या सुताराने मला घडवलं. माझ्या माथ्यावर त्याने तीन डोकी कोरली, कारण आमच्यात म्हणतात, एका डोक्याने मसलत होत नाही. मग त्यांच्यावर सोन्याचा पातळ पत्रा चढवला. अग्येई मोठा खवट माणूस. मला गावच्या ओच्यामेच्या हाती देताना म्हणाला, "चकाकी बघून हुरळू नकोस. नखाने खरवडलीस तर निघेल."

ओच्यामे म्हणजे राजाचं तोंड. आमचा राजा, ज्याला लहानथोर सगळे नाना म्हणत, तो सभेत मोठ्याने बोलत नसे. तो हळूच ओच्यामेच्या कानात सांगायचा आणि ओच्यामे मला हातात धरून ते सगळ्यांना ऐकवायचा. लोकांचं म्हणणंही त्याच वाटेने नानांकडे जायचं, मग नाना अगदी तीन हातांवर का बसलेले असेनात. ओच्यामेच्या तोंडून निघालं ते राजाचं बोलणं. ते फिरवायचं तर एकच उपाय होता. ओच्यामेने भर सभेत 'चूक माझी' म्हणायचं आणि एक मेंढा द्यायचा. राजा चुकत नाही, अशी आमची रीत.

माझा ओच्यामे होता क्वाकू दापा. एकतीस वर्षं मी त्याच्या हातात होते आणि तेवढ्या वर्षांत त्याने एकदाही मेंढा दिला नव्हता. काय त्याची वाणी होती. नाना म्हणत, "त्याला सांग, भांडण बंद कर." दापा ते असं सांगे की भांडखोर माणूस लाजून हसायचा. "दापाने नकार दिला तरी माणूस पोटभर फुफू जेवल्यासारखा घरी जातो," असं लोक म्हणायचे. शेजारच्या गावांतून माणसं नुसती त्याचं बोलणं ऐकायला यायची. मलाही त्याचा गर्व होता. खोटं कशाला सांगू?

मग ओबेंग आला. तो सोन्याच्या खाणींचा ठेकेदार होता. गावाच्या ओढ्याकाठी कुंभारणींची मातीची खाण होती, ती त्याला हवी होती, कारण खाली सोनं आहे असा त्याचा होरा होता. रीतीप्रमाणे त्याने जिनच्या, म्हणजे दारूच्या, दोन बाटल्या नानांपुढे ठेवल्या. बाटल्या ठेवून घेतल्या तर बोलणं मान्य, परत दिल्या तर नकार. नाना दापाच्या कानाशी वाकले. मी दापाच्या मुठीतच होते, त्यामुळे शब्दन् शब्द ऐकला. नाना म्हणाले, "बाटल्या परत दे. माती आमच्या बायकांची आहे, ती विकायची नाही. नाही म्हणून सांग."

दापा उभा राहिला. समोर पाहुणा, त्याचे शहरातले चार मित्र, सगळं गाव. अशा भरल्या सभेत पाहुण्याच्या तोंडावर 'नाही' म्हणणं दापाच्या जिवावर आलं. तो म्हणाला, "नानांनी पाहुण्याचा मान ठेवला आहे. वाटेत चिखल असो की धूळ, आपलं पाऊल घसरू नये." आणि बाटल्या त्याने बाजूला ठेवून घेतल्या. ओबेंग खूश होऊन गेला. नाना कुजबुजले, "हे काय?" दापा म्हणाला, "नाना, चार दिवसांनी एकांतात सांगतो त्याला. सगळ्यांसमोर माणसाचं तोंड कशाला काळं करायचं?"

चार दिवस गेले, आठ गेले. दापाला सांगायला सवड झाली नाही. खरं तर धीर झाला नाही. भीड भिकेची बहीण, असं तुमच्यात म्हणतात ना, ते त्याला तेव्हा कोणीतरी सुनवायला हवं होतं. नवव्या दिवशी ओबेंगचं पिवळं यंत्र आलं आणि संध्याकाळपर्यंत त्याने खाणीची पूर्वेकडची बाजू उकरून टाकली. गावात बावीस घरं त्या मातीवर जगत होती. दुसऱ्या कुठल्या मातीची हंडी भट्टीत टिकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभा भरली. ओबेंगही होता. कुंभारणींतली सगळ्यांत वडील फोरिवाआजी मातीने भरलेल्या हातांनीच आली. आता गंमत बघा. तिला तक्रार करायची होती दापाची, आणि रीतीप्रमाणे ती नानांना सांगायची होती दापाच्याच तोंडून.

"नानांना सांग," ती म्हणाली, "आमची माती आम्हाला न विचारता दिली. हे नानांचं बोलणं असेल तर नाना चुकले. नसेल तर तू चुकलास."

राजा चुकला असं तोंडातून काढणंसुद्धा आमच्यात मोठा अपराध. दापा नानांकडे वळला. "नाना, आजी म्हणते, वाऱ्याने निरोप जरा इकडचा तिकडे झाला."

"मी वाऱ्याचं नाव काढलं का रे? वाऱ्याला कशाला मध्ये घालतोस?"

दापाने घसा साफ केला. "नाना, आजी म्हणते, जो पाणी भरतो त्याच्याच हातून मडकं फुटतं."

"मडक्यांचं तू मला शिकवू नकोस."

मागे बायका हसल्या. दापा कानकोंडा होऊन म्हणाला, "आजी, सभेची रीत असते. जरा सांभाळून घे."

"रीत मला शिकवतोस? तुझी आई आणि मी त्याच खाणीत माती तुडवायचो. तेव्हा तू तिच्या पाठीला बांधलेला असायचास आणि भूक लागली की बोंब ठोकायचास. तेव्हा बरं तुला सरळ बोलता यायचं."

मग तिने जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. ती पुढे आली आणि दापाला ओलांडून माझ्यासमोर जमिनीवर बसली. "नानांशी थेट बोलायचं नाही ना? नाही बोलत. याच्याशी बोलून उपयोग नाही. मी आपली या काठीशी बोलते. लाकडाशी बोलायला कोणाची बंदी नाही." आणि माझ्याकडे बघून ती म्हणाली, "काय गं, त्या दिवशी नाना काय म्हणाले ते दोघांनीच ऐकलं, तू आणि याने. तुला तोंड नाही. याला आहे. तुला तोंड असतं तर तू काय सांगितलं असतंस, तेवढंच मला हवंय."

मित्रांनो, मला बोलता येत नाही याचं दुःख मी तोवर कधी केलं नव्हतं. त्या दिवशी केलं. सगळी सभा माझ्याकडे बघत होती आणि मी आपली ढिम्म उभी. दापाची मूठ माझ्यावर घट्ट आवळली होती, घामाने ओली. नानांनी बोलावं तरी कसं? ते बोलणार तर दापाच्याच तोंडून.

मग दापाने मला जमिनीवर आडवं ठेवलं. एकतीस वर्षांत भर सभेत त्याने मला खाली ठेवलं नव्हतं. तो म्हणाला, "नानांनी नाही म्हटलं होतं. बाटल्या परत दे, माती बायकांची आहे, असं म्हणाले होते. मला पाहुण्याला दुखवायचं नव्हतं, म्हणून मी गोड बोललो. नाना चुकले नाहीत. चूक माझी. मेंढा देतो."

ओबेंग उठला. "असं कसं? शब्द दिलाय तुम्ही. यंत्र आणलंय मी."

नाना दापाच्या कानाशी वाकले आणि बोटाने माझ्याकडे खूण केली. दापाने मला उचललं. दोन्ही बाटल्या ओबेंगच्या पुढे नेऊन ठेवल्या, मला सरळ धरलं आणि म्हणाला, "नाही."

सगळे थांबले. पुढे एखादी म्हण येईल, उपमा येईल, पाहुण्याच्या आईबापांची विचारपूस होईल, म्हणून ओबेंगही थांबला. शेवटी त्यानेच विचारलं, "पुढे?"

"पुढे काही नाही," दापा म्हणाला.

फोरिवाआजी गुडघ्यावर हात टेकून उठली. "हं. आता ऐकू आलं," म्हणाली आणि कामाला गेली.

यंत्र त्याच दिवशी हललं. पण पूर्वेकडची बाजू गेली ती गेलीच. आज तिथे पाणी साचतं आणि तिथल्या मातीत वाळू मिसळली आहे. बावीस घरांतल्या सहा घरांनी चाकाशिवाय, नुसत्या हातांनी मडकी घडवायचा तो जुना धंदा सोडला आणि ती माणसं शहरात हमालीला गेली. दापा त्यांच्या वाटेवर उभा राहून रडला होता. एक 'नाही' नऊ दिवस न सांगितल्याने हे झालं.

मित्रांनो, इथे वर्गात मुलं वाद घालतात, बोलणं सजवावं की सजवू नये. खुशाल सजवा. दापाच्या वाणीवर माझा अजूनही जीव आहे. पण दुसऱ्याचा निरोप तुमच्याकडे असतो तेव्हा तो तुमच्या मालकीचा नसतो. आपल्याला अवघड वाटतं म्हणून त्यातला एक शब्दही गिळू नका. आणि 'नाही' सांगायला कोणी पाठवलं असेल, तर नवव्या दिवसाची वाट बघू नका. त्याच दिवशी, सगळ्यांसमोर, नाही म्हणा.