छप्पन्न पावलं

सत्तावन्नावं पाऊल टाकायच्या आधीच केशरी शंकू समोर आला आणि मोजणीदार क्षणभर अडखळले.

“छान चाललंय आजोबा, अजून पाच मिनिटं,” घड्याळ धरलेली ताई म्हणाली. चाचणी चालू असताना ठरलेली दोन-चार वाक्यं सोडून काही बोलायचं नाही, असा तिथला नियम होता.

ते वळले. परतीच्या वाटेवरही छप्पन्नच भरली.

रुग्णालयाच्या तळमजल्यावरची ही वाट त्यांच्या तळव्यांना पाठ होती. हृदयाचा पंप थकलेल्या म्हाताऱ्यांना इथे आठवड्यातून तीन दिवस बोलावत. सकाळी वजन करायचं, घोट्यांवरची सूज दाबून बघायची, खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठायचं, जागच्या सायकलवर पाय फिरवायचे आणि शेवटी दोन शंकूंमधून येरझाऱ्या घालायच्या. मधलं अंतर तीस मीटर. मोजणीदारांची उभी हयात जमीनमोजणीच्या खात्यात साखळी ओढण्यात गेली होती. मनात आकडा चालू नसेल तर त्यांना चालताच येत नसे. दुखण्याने त्यांचं पाऊल आखडून अर्ध्या मीटरवर आलं होतं, पण त्यात फरक म्हणून पडत नसे. तीस मीटरला साठ. बारा आठवडे साठच.

आज मात्र त्या टोकाला सिलिंडर ठेवायचं नवं कपाट येऊन बसलं होतं. तीस मीटरची खूण म्हणून फरशीवर मारलेली पिवळी रेघ त्याच्या पोटाखाली गेली होती आणि ताईने शंकू कपाटाच्या अलीकडे ठेवला होता.

बाकावर मुलगा बसला होता. बारा आठवड्यांपूर्वी सहा मिनिटांत दोनशे दहा मीटर भरले, तेव्हा डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की तीनशेच्या आत असतील तर दुसऱ्या मजल्यावर यांना एकटं ठेवणं धोक्याचं. त्यावर बापलेकांत करार झाला. तीनशे भरले तर बाबा आपल्या खोल्यांत राहतील, नाहीतर मुलगा म्हणेल त्या वृद्धाश्रमात जातील. त्या खोल्यांत त्यांच्या बायकोने खिडकीच्या चौकटीवर पेन्सिलीने मुलाची उंची दर वाढदिवसाला नोंदवून ठेवली होती. त्यांनी बारा आठवडे पाय ओढले ते त्या चौकटीसाठी.

घड्याळ वाजलं. ताईने त्यांना होते तिथेच थांबवून बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला, खुर्ची सरकवली आणि कागदावर हिशेब केला.

“दहा फेऱ्या आणि वर सहा मीटर. तीनशे सहा. आजोबा, आतापर्यंत गटात तुम्हीच पुढे.”

मुलगा उठून आला. कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्याने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. “जिंकलात बाबा,” एवढंच म्हणाला, पण त्याचा आवाज जरा ओला झाला होता. तो हात ऊबदार होता, आणि तो थोडा वेळ तसाच राहावा म्हणून मोजणीदार गप्प बसले.

अठ्ठावीस मीटरच्या दहा फेऱ्या, वर सहा. दोनशे शहाऐंशी. नको म्हटलं तरी डोक्यातला हिशेब थांबेना. त्यामागून एक जुना बांध वर आला. तिथे साहेबांनी त्यांना साखळी दोन मीटर अलीकडे धरायला लावली होती. दोन मीटरनं काय होतंय, असं साहेब म्हणाले होते आणि त्यांनी धरली होती. एका विधवेचं एकुलतं एक झाड बांधापलीकडे, शेजाऱ्याच्या हद्दीत गेलं. दुसऱ्या दिवशी ती झाडाच्या बुंध्यावर हात ठेवून उभी होती. तिने त्यांना एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

“ताई,” ते म्हणाले, “अंतर दोन मीटर कमी आहे. कपाटामुळे.”

ताईने कपाटाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. “आजोबा, दोन मीटरनं काय होतंय?”

तेच शब्द. मोजणीदारांनी मान खाली घातली आणि सांगितलं, “टेप लावून बघा.”

तिने टेप लावली. अठ्ठावीस भरले. पुन्हा चालतो, असं ते म्हणाले; पण चिमट्यावरचा आकडा पाहून तिने मान हलवली. आज जमणार नाही, आणि तुकडीचा तर आज शेवटचा दिवस. पुढची चाचणी तीन महिन्यांनी. तिने तीनशे सहावर रेघ मारून खाली नवा आकडा लिहिला.

मुलाचा हात खांद्यावरून निघाला.

“कुणी विचारलं होतं तुम्हाला?” तो हळू आवाजात म्हणाला. “मी राहू देणार होतो ना. आता हा कागद हातात असताना कसा राहू देऊ? उद्या जिन्यात काही झालं तर लोक मला विचारतील.”

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

पुढचा नंबर टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या ऑपरेटरबाईंचा होता. मोजणीदार शंकूकडे पाहत राहिले. ताईने तो हलवला नाही. हलवायचा तर कपाट हलवायला माणसं बोलवावी लागली असती, आणि सकाळपासून चार जणांचे आकडे लिहून झाले होते.

“बाकीच्यांचं?” त्यांनी विचारलं.

“त्यांची काही तक्रार नाही आजोबा,” ताई म्हणाली आणि तिने घड्याळ चालू केलं.

ऑपरेटरबाई निघाल्या. मोजणीदार बाकावरून त्यांची पावलं मोजत राहिले. मग मुलाने त्यांचा दंड धरून त्यांना बाहेर नेलं.

आठ दिवसांनी वृद्धाश्रमाच्या खोलीत मुलाने त्यांची पेटी ठेवली. खोली तळमजल्यावर होती. जिन्याचा प्रश्नच नव्हता. दारावरच्या पाटीवर खोलीची लांबी लिहिली होती, चार मीटर. मुलगा निरोप घेऊन गेल्यावर मोजणीदार उठले, पाठ भिंतीला टेकवली आणि समोरच्या भिंतीपर्यंत सावकाश चालत गेले.

आठ पावलं. माप अगदी बरोबर होतं.