वर्षभराचा पाहुणा

थांबा, एवढ्यात उचलू नका. आत्ताच कुठे या कपाटातल्या फळीवर बूड टेकलंय, तोवर बोलून घेतो. मी करंडक. घोड्यांच्या शर्यतीचा फिरता करंडक. चांदीचा, दोन कानांचा, पोटानं गोल आणि नशिबानं फिरस्ता. पाय दिले नाहीत मला कुणी, पण एका जागी राहणंही कधी वाट्याला आलं नाही.

ही शर्यत माझ्याहून थोडी म्हातारी. सुरुवातीला धड मैदानसुद्धा नव्हतं म्हणे. दोन शेजाऱ्यांची पैज लागली, कुणाचा घोडा कुरणापलीकडच्या झाडापाशी आधी पोचतो. हरलेल्याला चैन पडेना, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा. मग जातिवंत घोडे आले, पांढरं कुंपण आलं, पंच आले, आणि जिंकणाऱ्याच्या हातात काहीतरी द्यायला हवं म्हणून एका कारागिरानं मला ठोकून ठोकून घडवलं. पुढे झाड पडलं, त्या जागी खांब आला. खांबाशेजारी कॅमेरा आला. युद्धाच्या काळात मैदानावर जखमींचे तंबू पडले, तेव्हा मी पेटीत, गवतात गुंडाळून पडून होतो. आयुष्यातली तेवढीच विश्रांती, आणि तीही मला मानवली नाही.

एक रीत मात्र पहिल्यापासून आहे. जिंकलेल्या घोड्यानं आधी माझ्यातून पाणी प्यायचं, मगच माणसांनी मला हात लावायचा. माणसांना ही रीत फारशी आवडत नाही. फोटोत माझ्या काठावर लाळ दिसते.

ज्या घरी जातो तिथे सुरुवातीला माझं भारी कौतुक. आल्यागेल्याला दाखवतात, "उचलून तरी बघा!" म्हणतात. पुढे माझ्यात किल्ल्या पडतात. मग बटणं. एका घरी तर सासऱ्यांची कवळी. शर्यत जवळ आली की पुन्हा घासूनपुसून लख्ख. सासरी निघालेल्या मुलीसारखं नटवतात मला. मुलगी एकदा जाते, मी दरवर्षी, एवढाच काय तो फरक.

यातून सुटका एकच. एका तबेल्यानं सलग तीन वर्षं शर्यत जिंकली, तर मी कायमचा त्यांचा. इतक्या वर्षांत ते कुणालाच जमलं नव्हतं. मग वावटळ आली.

वावटळ म्हणजे तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा टिपका असलेली घोडी. तबेला छोटा. मालक स्वतःच तिला तयार करायचा, त्याचा मुलगा तिच्यावर बसायचा. मालकाचे वडील या शर्यतीत जन्मभर दुसरे आले होते, त्यामुळे माझ्याकडे बघताना मालकाची नजर कशी व्हायची ते विचारू नका. वावटळ एकदा जिंकली, दुसऱ्यांदा जिंकली, आणि त्याच महिन्यात मुलाचं लग्न झालं. नवी सून पहिल्यांदा आणि मी दुसऱ्यांदा, दोघं बरोबरच त्या घरात रुळायला लागलो.

सून बोलायची कमी, बघायची फार. नवरा जॉकी, वजन वाढून चालायचं नाही, त्यामुळे ताटात दोन काकड्या आणि अर्धी पोळी. "मी स्वयंपाक शिकून आले तो कुणासाठी?" ती सासूला म्हणायची. सासू म्हणायची, "घोडीसाठी. या घरात पोटभर जेवायची परवानगी तिलाच आहे."

सुनेनं ते शब्दशः घेतलं. माझ्यातून पाणी प्यायल्यापासून वावटळीचे नखरे वाढले होते. बादलीला तोंड लावेना. मालकाची सक्त ताकीद होती, करंडक फळीवरून हलवायचा नाही. सून रोज सकाळी सगळ्यांच्या आधी उठून मला पदराखाली घ्यायची, ओटचे दाणे भरायची आणि वावटळीच्या पुढच्या पायांशी ठेवायची. घोडी खाताना पाय मला टेकवून उभी राहायची. तिचा उष्ण श्वास, ओटचा वास. इतक्या घरांत फिरलो, पण भांडं असण्याचं सुख मला तिथेच कळलं.

तिसऱ्या शर्यतीची सकाळ उजाडली. हवेत गारठा होता. वावटळ खात होती आणि माझ्या अंगाला टेकलेला तिचा डावा पाय चुलीसारखा तापला होता. चांदीला ऊब लगेच कळते. सांगू कुणाला? आणि खरं सांगायचं तर सांगायचं होतं का मला? आज ती जिंकली की माझं फिरणं संपणार होतं.

सुनेनं मला उचललं आणि थबकली. "हा गरम कसा?" तिनं घोडीच्या उजव्या पायाला हात लावला, मग डाव्याला. दाराशी नवरा बूट चढवत होता.

"अहो, हिचा पाय तापलाय."

"काल जोरात पळवली म्हणून असेल. आणि तुझ्या हातात ते काय आहे? बाबांनी बघितलं तर—"

"बघू देत," ती म्हणाली आणि मला तसंच हातात धरून सासऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. "बाबा, मी रोज हिला यातून चारते. रागवायचं ते नंतर रागवा. आधी याला हात लावा, मग तिच्या पायाला."

मालकानं हात लावला. गुडघ्याखाली नस दाबली, तशी वावटळीनं पाय उचलून धरला.

"पट्टी बांधून एवढी एक शर्यत निघेल, बाबा," मुलगा म्हणाला. "आजोबांसाठी."

"आणि भर वेगात पाय मोडला तर? ती पडणार, तिच्याखाली तू." मालकानं एकदा माझ्याकडे बघितलं. "आमचे बाबा दुसरे आले, पण दर वेळी घरी चालत आले. खोगीर उतरव."

सुनेनं खाली बसून घोडीच्या पायावर गार पाण्याचं फडकं गुंडाळलं. कुणी तिला रागावलं नाही. दुपारी मैदानावर लोकांनी हुर्यो उडवली, वावटळ हरायला घाबरली म्हणत. संध्याकाळी मी दुसऱ्याच माणसाच्या गाडीत होतो.

त्यानंतर बरीच घरं झाली. सध्या काचेच्या कपाटात आहे, वर दिवा, खाली मखमल. परवा इथला मालक फोनवर हसत होता, "त्या लंगड्या घोडीची पोरगी धावणार आहे म्हणे यंदा. कपाळावर तसाच टिपका." तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. कुणी दार आपटलं तरी काचेवर टणटण वाजतो.

बाळे, पळ. पण पाय तापला असेल तर नको पळूस. मी काय, फिरतच असतो. आणि जिंकलीसच, तर तुझ्या घरच्यांना, त्या कमी बोलणाऱ्या सुनेला, माझा एवढा निरोप दे. मला फळीवर ठेवू नका. पायाशी ठेवा.