अर्धा जबडा

"टाक परत," ताई म्हणाली.

मी कपाळावर हात मारून घेतला. वारा चढत होता, लाटा बोटीत येत होत्या आणि माझी थोरली बहीण एवढ्या खटपटीने वर काढलेला चिखल परत समुद्रात टाकायला सांगत होती.

"अगं, चिखलच तो. पुरे की आता."

"जबडा मिटला नाहीये. दगड अडकलाय बघ. अर्धा वाटेतच सांडला."

ताईची नोकरीच अशी जगावेगळी. दर हिवाळ्यात ठरलेल्या जागी लोखंडी जबडा तळाशी सोडायचा, चिखल चाळायचा आणि त्यातले किडे-शिंपले मोजायचे. कुठली वर्षं गार गेली, कुठली उबदार आणि त्यापायी तळाशी कोण तगलं, कोण संपलं, याचा माग ती तरुणपणापासून ठेवतेय. यंदा निवृत्तीआधीची तिची शेवटची फेरी. हा हिवाळा हुकला तर नोंदींची सगळी साखळीच तुटणार होती.

चिखल ढकलायला वाकलो तर आत एक पांढरी शिंपली, जिवंत. ताईने ती झटकन उचलली. ही गार पाण्यातली. हिवाळे उबदार होत गेले तशी दिसेनाशी झालेली. दर वर्षी चाळणीवर वाकून ताई हिलाच शोधायची.

"झालं तर मग," मी म्हणालो. "जबडा भरलेला होता असं लिही. मी काय कुणाला सांगायला जातोय?"

"अर्ध्या चिखलात सगळेच जीव निम्मे भरतील. पुढे वाचणारा म्हणेल, त्या वर्षी तळ मेला."

"मग नुसती शिंपली तरी बरणीत घाल. नाहीतर कोण विश्वास ठेवणार तुझ्यावर?"

"कोणी नाही." तिने शिंपली तळहातावर धरली. "बरणीत मरेल रे ती. आजवर मोजण्यासाठी कमी का जीव मारलेत मी? आणि ही एकटीच उरली असली तर?"

तिने शिंपली पाण्यात सोडली. मागोमाग चिखलही गेला.

जबडा पुन्हा सोडायचा म्हणजे बोट एका जागी धरायची. एक लाट आडवी बसली असती तर आम्ही दोघंही तळाशीच गेलो असतो. मला भीती वाटत होती आणि तिचा भयंकर राग येत होता. दोर वर येईपर्यंत मी बोटीचं तोंड लाटांकडे धरून ठेवलं. जबडा गच्च मिटून, काठोकाठ भरून आला.

दुसऱ्या दिवशी तिच्या कार्यालयात मी शेजारी बसून होतो. चिखल चाळून झाला. किडे निघाले, बारीक गोगलगाई निघाल्या. पांढऱ्या शिंपलीच्या रकान्यात ताईने शून्य लिहिलं आणि पेन हातात धरून ती तशीच बसून राहिली.