दार घेणाऱ्याचं

ओस पडलेल्या घरात पहिलं पाऊल टाकलं की सुताराची नजर वर जायची आणि त्याच्या बायकोची खाली. तो आढं बघायचा, वासे बघायचा, कौलांच्या फटीतून किती आभाळ दिसतंय ते बघायचा आणि मिशीचं टोक ओढत म्हणायचा, "होईल." ती भिंतीच्या पायथ्याशी ओल कुठवर चढली आहे ते बघायची, झिजलेल्या उंबऱ्यावरून हात फिरवायची आणि म्हणायची, "इथे माणसं सुखात राहिली असणार." दोघांचं असं एकमत झालं की घर विकत घेतलं जायचं.

नवरा-बायकोचा हा धंदाच होता. खेड्यातली माणसं पोटामागे शहरात गेली, घरांना कुलपं लागली, कुलपांना गंज चढला. अशी टाकून दिलेली घरं ही दोघं स्वस्तात घ्यायची, त्याच घरात बिऱ्हाड मांडायची, राहता राहता ते उभं करायची आणि शहराला कंटाळलेल्या कुणाला तरी विकून पुढच्या घराकडे निघायची. तो सुतार आणि अंगावर आलंच तर गवंडीही. ती रंगारीण. तिच्या हाताला असा काही गुण होता, की तिने चुना मारलेली भिंत दुपारच्या उन्हातसुद्धा डोळ्यांना टोचत नसे. रंग लावताना ती भजन म्हणायची. ब्रश वर जाताना एक ओळ, खाली येताना दुसरी. भजन संपलं की भिंत संपलेली असायची.

असं करता करता संसाराची नऊ घरं झाली, आणि त्यातल्या एकाही घरात ती राहिली नव्हती. म्हणजे राहिली होती; पण कशी? डोक्यावर ताडपत्री, शेगडी खिडकीत, अंथरूण चुन्याच्या गोण्यांना खेटून. भाजीला भुशाची चव आणि भुशाला भाजीची. मग एक दिवस भिंत वाळायची, फरशी हसायला लागायची, खिडकीतून वारा यायचा तो नुसता वारा असायचा, धूळ नाही. आणि नेमका त्याच दिवशी टेम्पो दारात!

तिचा देवसुद्धा या फेऱ्यात सापडला होता. तळहाताएवढी तसबीर आणि एक लहानसं निरांजन, मऊ कापडात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात. काम चालू असताना धूळ बसेल म्हणून डबा बंद, आणि काम संपलं की निघायचं म्हणून डबा बंद. रोज सकाळी ती झाकणावर बोटाने टकटक करायची. "देवा, अजून धूळ आहे हं. जरा कळ काढ." देव कळ काढायचा. तो काही बोलत नाही, म्हणून त्याला कंटाळा येत नाही असं थोडंच आहे?

"वहिनी," तिची नणंद एकदा म्हणाली, "दादाने तुला बिऱ्हाडकरू केलं ते केलंच, देवालाही केलं!"

ही नणंद गिलाव्याच्या कामाला हाताखाली यायची. थापी आणि जीभ, दोन्ही सारख्याच सफाईने चालवायची.

दहावं घर एका गल्लीच्या टोकाला होतं. तीन पायऱ्या चढून दार. एका खिडकीतून शिरलेली वेल दुसऱ्या खिडकीतून बाहेर पडली होती, जणू घर तिचंच. आधीच्या मालकाने शहाणपणा करून दगडी भिंतींना आतून सिमेंट फासलं होतं. आतली ओल आतच कोंडली आणि भिंती सर्दी झालेल्या माणसासारख्या सतत पाझरत राहिल्या. दोघांनी पटाशी आणि हातोडा घेऊन ते सगळं सिमेंट खरवडून काढलं, भिंती उघड्या ठेवल्या, पुरत्या वाळू दिल्या आणि मग चुन्याचा गिलावा केला. तो गिलावा सुकला त्या दिवशी तिने भिंतीला गाल लावला. थंड होती, पण ओली नव्हती. का कोण जाणे, तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"काय गं?" सुताराने वरून, वाशावर बसल्या बसल्या विचारलं.

"काही नाही. चुना गेला डोळ्यात."

"डोळे धू लगेच! चुना वाईट."

ती धुऊन आली. डोळे पुसता पुसता तिच्या मनात एक गोष्ट पक्की झाली होती: इथून मी हलणार नाही. आता ते याला कसं सांगायचं, एवढंच उरलं होतं.

सांगून तो ऐकणारा नव्हता. चौथ्या घरात सांगून झालं होतं, सातव्या घरात रुसून झालं होतं. तो भांडायचाही नाही. "पुढचं घर याच्यापेक्षा छान आहे," असं म्हणून रंध्याला धार लावायला बसायचा. माणूस वाईट नव्हता हो. पायात भिंगरी होती एवढंच.

त्याच्या धंद्याचा मात्र एक नियम होता आणि तो त्याने कधी मोडला नाही. घराचं सगळं काम आपल्या मनाने करायचं. पण पुढच्या दाराला नुसता प्रायमर मारून ठेवायचा. दार घेणाऱ्याचं. त्याने यायचं, दारासमोर उभं राहायचं आणि रंग सांगायचा. रंग सांगितला की व्यवहार ठरला. त्याआधी कितीही गोड बोलणं झालं तरी ते नुसतं बोलणं. घर बघताना लोक तोंडभर हसायचे, आणि रंग विचारला की चौकशीला बोलावल्यासारखा चेहरा करून म्हणायचे, "तपकिरी." नऊ घरांपैकी सात दारं तपकिरी, एक करडं आणि एक बदामी. बदामीवाल्या बाईंना तर तिने आनंदाने मिठीच मारली होती.

या घराला गिऱ्हाईक आलं ते एक निवृत्त पोस्टमन. एकटाच जीव, पांढरीशुभ्र दाढी, आवाज असा खणखणीत की गल्लीच्या या टोकाला बोलले तर त्या टोकाची कबुतरं उडावीत.

"आयुष्यभर लोकांच्या दारांबाहेर उभा राहिलो," ते म्हणाले. "आता एका दाराच्या आत बसायचंय. रविवारी येतो आणि रंग सांगतो."

सुतार त्यांना छप्पर दाखवत होता. हे आढं कसं बदललं, वाशांना आधार देणारी ही कैची कशी बसवली. तिचं लक्ष नेहमीप्रमाणे खाली होतं. पोस्टमनकाका तीन पायऱ्या चढले ते एका हातात काठी, दुसऱ्याने भिंत धरून आणि उतरले ते आडवे होऊन, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. खाली आल्यावर समोरच्या पडक्या घराच्या ओट्यावर टेकले आणि गुडघे चोळत बसले. तिने पाणी नेऊन दिलं.

"सायकलने खाल्ले गुडघे," ते हसून म्हणाले. "पण या ओट्यावर बरं वाटतं. इथून अख्खी गल्ली दिसते."

तिने ते ऐकून ठेवलं.

शनिवारी नणंद थाप्या धुवायला आली तेव्हा वहिनी कोपऱ्यात बसून रंग कालवत होती.

"कसला गं? भिंती तर झाल्या."

"दाराचा."

"पण तो म्हातारा उद्या सांगणार आहे ना?"

"त्याच्या आधी मी सांगणार आहे."

नणंदेने डब्यात डोकावून पाहिलं. पिवळा होता. साधासुधा नव्हे; ऊन डब्यात धरून ठेवावं तसा पिवळा.

"अगं बाई! दादाला दिसलं तर?"

"दिसावं म्हणूनच पिवळा."

  नणंद बाही वर सारून म्हणाली, "काचपेपर कुठंय? प्रायमर नीट घासल्याशिवाय रंग धरायचा नाही."

रविवारी सकाळी सुतार बसथांब्यावर पोस्टमनकाकांना आणायला गेला आणि तिने दाराला हात घातला. वरच्या चौकटीपासून सुरुवात केली. भजन तेच, रोजचं, पण आज आवाज असा लागला की वेलीवरची पाखरंही जरा थांबली.  ती चोरून काही करत नव्हती. हे तर उघड्यावर, उजेडात, सगळ्या गल्लीच्या साक्षीने चाललं होतं. गल्लीत माणूस कुणी नव्हतं ही गोष्ट वेगळी.

खालच्या फळीवर शेवटचा हात फिरत होता तेव्हा वळणावरून काकांचा आवाज आला.

"अरे सुतारा! ते पिवळं काय दिसतंय?"

 पाठोपाठ सुताराची पावलं आली, आधी सावकाश, मग भराभर. तो पायऱ्यांपाशी येऊन उभा राहिला. एकदा दाराकडे बघितलं, एकदा तिच्याकडे.

"हे काय?"

"रंग."

"ते दिसतंय. कुणी सांगितला?"

"मी." तिने ब्रश डब्याच्या काठावर निथळत ठेवला. "तुमचाच नियम आहे ना? दार घेणाऱ्याचं. जो रंग सांगेल त्याचं घर. मी सांगितला. हे घर मी घेतलं."

"अगं, असं कसं? तू घेणारी कशी?"

"का? नऊ घरांच्या भिंती रंगवल्या. कुणी मजुरी दिली का मला?"

काका धापा टाकत मागून आले होते. ते उखडले. "हे बरोबर नाही हं, ताई! मला हेच घर दाखवलं होतं. मी मनात खुर्चीसुद्धा मांडून ठेवली होती इथे!"

"कुठे मांडली होती, काका?"

"खिडकीत!"

"खिडकीतून काय दिसतं?"

काका अडखळले. "मागचं शेत."

"आणि खुर्चीपर्यंत जायला तीन पायऱ्या. रोज. भाजी आणायला उतरा, भाजी घेऊन चढा." ती खाली आली आणि समोरच्या पडक्या घराकडे हात केला. "ते बघा. उंबरा गल्लीच्या पातळीवर, पायरी एकही नाही. आणि तो ओटा. मागच्या खेपेला तुम्ही घर बघितलं इथलं आणि बसलात जाऊन तिथे."

"पण त्याला छप्पर कुठंय?"

"छप्पर यांचं काम. हे घरसुद्धा असंच पडीक होतं की आम्ही आलो तेव्हा. ते विकत घेऊ आणि तुमच्या डोळ्यांदेखत बांधू. खिडकी कुठे हवी ते सांगा, खुंटी किती उंचीवर हवी ते सांगा. तयार घरात हे मिळत नाही, काका."

 पोस्टमनकाका समोर गेले, ओट्यावर बसले, गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून घेतली, आणि काठीने पडक्या भिंतीला दोन टोले दिले. बंद दारावर टपालवाला देतो तसे.

"दगड चांगला आहे," ते ओरडले. "पण मी वाट बघणार ती सहा महिने! सातव्या महिन्याला नाही!"

"आणि दाराला रंग?"

"तपकिरी!"

मजा बघायला गल्लीत येऊन उभ्या राहिलेल्या नणंदेने कपाळावर हात मारून घेतला.

सुतार मात्र अजून तिथेच उभा होता. तिच्या लक्षात आलं, हा रागावलेला नाही. राग असो की आनंद, याचा हात आधी मिशीला जायचा. आता हात नुसते लोंबत होते, हत्यार हरवल्यासारखे.

"अगं," तो हळूच म्हणाला, "घर पुरं झाल्यावर त्यात मी करू काय? सकाळी उठून बघू कुठे? मला पुऱ्या झालेल्या घरात बसता येत नाही. भीती वाटते."

इतक्या वर्षांत हे त्याने कधी सांगितलं नव्हतं. तिला वाटायचं याला पुढच्या घराची ओढ आहे. आणि हा तर झालेल्या घरापासून पळत होता. तिचा सगळा आवेश एका क्षणात मऊ झाला, पण पाऊल मागे घ्यावं असं काही तिला वाटलं नाही.

"बसायला सांगतंय कोण?" ती म्हणाली. "सकाळी उठा, चहा प्या आणि समोरच्या पडक्या घरात जा. ते झालं की त्याच्या पलीकडचं. गल्लीत अजून तीन आहेत, मी बघून ठेवलीत. मोडकं घर हवं ना तुम्हाला? रोज देते. फक्त संध्याकाळी परत इथे यायचं. हातपाय धुऊन. भुसा बाहेर झटकून."

 तो एक पायरी चढला, वाकला आणि खालच्या फळीवर बोट टेकवलं.

"इथे ओघळ आलाय."

"तुम्ही आलात म्हणून राहिला. सरका."

तिने ब्रश उचलला आणि ओघळ पुसून काढला. नणंद समोरून ओरडली, "दादा, आता मिशी ओढ एकदा! म्हणजे आम्हाला कळेल तू शुद्धीवर आहेस!" त्याने खरोखरच ओढली. बोटाला लागलेला पिवळा रंग मिशीला लागला आणि काका ओट्यावर इतके हसले की गल्लीतली कबुतरं उडाली.

दुपारी दार सुकत होतं तेव्हा ती आत गेली आणि बिस्किटांचा डबा मांडीवर घेऊन बसली. सवयीने झाकणावर टकटक केली. मग आजूबाजूला बघितलं. फरशीवर बोट फिरवलं, बोट उजेडात धरलं. धूळ नव्हती. तिने झाकण उघडलं.

तसबीर कापडातून बाहेर काढून ती पूर्वेच्या भिंतीपाशी उभी राहिली, तेवढ्यात सुतार आला. कानामागे पेन्सिल, हातात फळीचा गुळगुळीत तुकडा.

"कुठे हवी?"

"इथे."

त्याने भिंतीकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं आणि मान हलवली. "इथे नको. मावळतीचं ऊन थेट येईल. चार वर्षांत देवाचा रंग उडेल."

चार वर्षं!  त्याने हातभर सरकून खूण केली, ओळंबा धरला, आणि ती मागे उभी राहून हळू आवाजात भजन म्हणू लागली. आज हातात ब्रश नव्हता, तरी ओळ वर जात होती आणि खाली येत होती.